सुनेच्या गळ्यातली सासू

आसराबाई झोपेत गेली, याचं घरच्यांना आणि गावाला फार कौतुक होतं. बसायला येणारा माणूस ओट्यावर टेकतो न टेकतो तोच म्हणायचा, "पुण्यवान बाई. झोपेत गेली. कोणाला तरास न्हाई दिला." मग सगळे माना हलवायचे, आणि आसराबाईनं मरतानासुद्धा घरच्यांची केवढी सोय पाहिली यावर थोडा वेळ चर्चा व्हायची. तिची लेक संध्या पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि आत निघून जायची. झोपेत गेली हे खरंच होतं. ही झोप दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती आणि तिला जागं ठेवणारी गोळी याच ओट्यावर बसून सर्वानुमते बंद करण्यात आली होती, एवढं सोडलं तर त्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

कुंभार पिंपळगावाहून गोदावरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. संध्याच्या वडलांच्या, धुळाजीच्या, बापजाद्यांनी मेंढरांमागं आयुष्य काढलं. धुळाजीनं मेंढरं विकली, विहीर खोदली, मोसंबी लावली आणि सवय म्हणून दारात चार शेळ्या ठेवल्या. पण मेंढपाळाचं वैद्यक काही त्याच्यातून गेलं नाही. आजारी जनावराला दवा पाजायचा, जनावर उठून चरायला लागलं की दवा बंद. चरणाऱ्या मेंढीला दवा पाजणारा माणूस त्याच्या मते एक तर वेडा, नाही तर सरकारी.

आसराबाईचं दुखणं अशा घरात यायला नको होतं, कारण ते दिसायला हुबेहूब आळसासारखं होतं. भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबायचा. केस मुठीनं निघायचे, सकाळी तोंड सुजलेलं असायचं, भर दुपारी ती गोधडी घेऊन भिंतीला टेकायची. आवाज तर इतका जाड आणि घोगरा झाला होता, की एकेक शब्द आडातून शेंदून काढल्यासारखा यायचा. गावानं आधी निदान केलं, वय झालं. मग केलं, वात. लेकाचं, रामेश्वरचं, लग्न होऊन प्रांजली घरात आल्यावर गावाला खरं निदान सापडलं: सून आली, आता सासू कशाला हात हलवील. गावातल्या डॉक्टरकडे सगळ्या दुखण्यांवर सलाईन होतं. आणि ज्यांची ऐपत जास्त, त्यांच्यासाठी लाल रंगाचं सलाईन होतं. आसराबाईला लाल लावलं. तिला काही फरक पडला नाही, पण घराण्याची इज्जत राहिली.

शेवटी संध्या तिला जालन्याला घेऊन गेली. संध्या तिथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायची. तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी आसराबाईची नाडी धरली, थंडी वाजते का, पोट साफ होतं का असे दोन-चार प्रश्न विचारले आणि रक्त तपासायला पाठवलं. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, त्यांनी सांगितलं. शरीराची चूल किती मोठी ठेवायची ते तिच्या हातात. तिनं काम कमी केलं की सगळंच मंदावतं, हृदय, आतडी, डोकं, सगळं. मग मेंदू त्या ग्रंथीवर ओरडायला लागतो. रिपोर्टमधला टीएसएचचा आकडा म्हणजे ते ओरडणं. ग्रंथी जितकी सुस्त, तितका आकडा मोठा. आसराबाईचा आकडा पाहिला तर मेंदूचा घसा कधीच बसायला हवा होता.

बारीक पांढरी गोळी सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत आसराबाई उठली, कापूस वेचायला गेली, भांडलीसुद्धा. रिपोर्ट नॉर्मल आला. आणि चरणाऱ्या मेंढीचं जे होतं तेच झालं. "आता काय झालंय तिला? दवा आजार हाय तवर," धुळाजी म्हणाला. रामेश्वरला ते बराबर वाटलं. धुळाजीची थोरली बहीण केशरबाई, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, तिनं भर घातली, की रोजच्या गोळीनं रक्त पातळ होतं. संध्यानं फोनवर विचारलं की सगळे सांगायचे, गोळी चालू हाय.

यंदाच्या जानेवारीत आसराबाई दोन दिवस झोपली आणि उठेना, तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "गोळी कधीपासून बंद केली?"

रामेश्वर म्हणाला, "बंद न्हाई केली साहेब. बरी झाल्ती."

अंग बर्फासारखं गार पडलं होतं. संध्यानं तिचे तळपाय हातात धरून ठेवले होते. ते शेवटपर्यंत काही ऊन झाले नाहीत.

सुतकात घर माणसांनी भरलं. आणि घर माणसांनी भरलं की कोणाचं तरी काहीतरी बिघडलेलं सापडतंच. या खेपेला प्रांजली सापडली.

प्रांजली सत्तावीस वर्षांची. वर्षभरात दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिले नव्हते. त्यावर घरात कोणी बोलत नसे, आणि जे बोलत ते तिच्या पाठीमागं, पण तिला ऐकू जाईल इतक्या जवळून. चुलीपुढं बसल्या बसल्या तिला झोप लागायची. तव्यावर भाकरी जळायची आणि सगळ्यांना वास आल्यावर शेवटी तिला यायचा. दुपारी ऊन चांगलं तापायचं, बायका सावलीला सरकायच्या, आणि ही आसराबाईचीच शाल पांघरून वावरायची.

पाचव्या दिवशी ओटा माणसांनी गच्च भरला होता. आतून घोगरा, जाड आवाज आला, "चहा... ठेवू का?"

धुळाजीच्या हातातली तंबाखू सांडली. संध्या भिंतीला टेकून बसली होती. "ठेव माय" हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले आणि तिनं ते गिळले.

प्रांजली दारात आली. "किती कप?" पुन्हा तोच आवाज.

"ओ माय!" केशरबाईनं छातीवर हात ठेवला. "आसरा हाय ही! डिट्टो आसरा! चाल बघा, शाल बघा, आवाज बघा. धुळा, तुझी बायको सुनेच्या गळ्यात बसलीया."

"अक्का, शाल तिला थंडी वाजते म्हणून घेतलीय तिनं," संध्या म्हणाली.

"थंडी? या उन्हात? थंडी मेल्याल्या माणसाला वाजती पोरी."

संध्यानं तरी प्रयत्न केला. हा आजार आहे, मायला होता तोच, नुसतं रक्त तपासलं तरी कळेल. ओट्यावरच्या मंडळींनी तिचं म्हणणं आदरानं ऐकून घेतलं. शिकलेल्या बाईचं बोलणं ही या गावात रेडिओसारखी गोष्ट होती. चालू असलेली बरी वाटायची आणि कोणी तिच्याप्रमाणे वागायचं नसायचं.

"तोच आजार कसा असंल?" रामेश्वर म्हणाला. "ताई, ती मायच्या पोटची न्हाई, सून हाय. अन लागट असता तर आधी आबाला लागला असता."

"लागट नाहीये तो, रामा."

"मंग कामून झाला तिला?"

"तेच तर म्हणू राह्यले मी!" केशरबाई विजयी झाली. "आजार न्हाईच तो."

सुतकात अंगात सुई टोचून घेत न्हाईत, असा एक नियम केशरबाईनं त्याच बैठकीत काढला आणि तो पूर्वापार असल्याचं जाहीर केलं. तेरावा झाला की अमावस्येला प्रांजलीला एका ठिकाणी घेऊन जायचं ठरलं. तिथं म्हणे तीन दिवस उपाशी ठेवून गार पाण्याच्या घागरी डोक्यावर ओततात, मंग कितीही चिवट असली तरी निघती. संध्याला एकदम तळपाय आठवले. ती उठून आत गेली.

मोरीत प्रांजली भांड्यांच्या ढिगापुढं बसली होती. हातात एक ताट होतं, आणि ते बहुधा बराच वेळ हातात होतं.

"दे इकडं, मी घासते."

"राहू द्या ताई. करू राह्यले मी." मग थोड्या वेळानं, "करीन."

"कधीपासून असं होतंय?"

प्रांजलीला आठवायला वेळ लागला. "दिवाळीच्या आधीपासनं. ताई, हात माझे वाटतच न्हाईत. मी ह्यांला म्हणलं, मला लई थकल्यासारखं होतंय. ते म्हणले, कामाचं नाव काढलं की होतंय का?" तिनं ताट खाली ठेवलं. "अक्का म्हणत्यात ते खरं असंल का?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय बी वाटत न्हाई," प्रांजली म्हणाली. "त्याचंच भेव वाटतं."

संध्यानं त्या सकाळीच रामेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मी तिला उद्या जालन्याला नेते. त्यानं सांगितलं होतं, आबाला इच्यार. आबानं सांगितलं होतं, अक्काला इच्यार. हे घर असं चालायचं. गोळी बंद करायला कोणीही पुढं यायचं, पण चालू करायला सगळ्यांची परवानगी लागायची. प्रांजलीला हाताला धरून सरळ गाडीत बसवावं, असं संध्याच्या मनात येऊन गेलं. पण रामेश्वरच्या संमतीशिवाय नेलेली बायको परत आल्यावर काय ऐकेल, आणि तिची गोळी किती दिवस चालेल, तेही तिला दिसत होतं.

दहाव्याला सगळे गोदावरीवर गेले. पुरुषांची मुंडणं झाली, पिंड मांडले, गुरुजींनी जे म्हणायचं ते म्हटलं. मग मंडळी मागं सरकून कावळ्याची वाट पाहत उभी राहिली. कावळे भरपूर होते. पलीकडे दुसऱ्या एका घरचा दहावा चालला होता, आणि त्यांनी पिंडासोबत बुंदी ठेवली होती. सगळे कावळे तिकडे होते.

"जीव अडकलाय," कोणीतरी म्हणालं.

वचनं द्यायला सुरुवात झाली. रामेश्वर पुढं झाला आणि मोसंबीची बाग मोडणार नाही असं बोलला. बाग मोडायचा विचार कोणीच केला नव्हता, पण ऐकायला बरं वाटलं. धुळाजीनं देवीला नवीन पातळ बोललं. आसराबाईच्या एका चुलत दिरानं व्यसन सोडायचं कबूल केलं आणि लगेच, एकदम न्हाई, हळूहळू, अशी दुरुस्ती केली. कावळे बुंदी खात होते. ऊन चढलं. संध्याला वाटलं, आईला यातलं एकही वाक्य ओळखीचं वाटलं नसतं.

"अरं, कावळ्याला काय इच्यारता?" केशरबाईचा संयम संपला. "ती हितंच उभी हाय की!" तिनं प्रांजलीला दंडाला धरून पुढं आणलं, समोर उभी राहिली आणि हात जोडले. "आसरा, बोल बाई. काय राह्यलं तुझं? कशात जीव हाय?"

प्रांजली शालीत उभी होती. ती केशरबाईकडे बघत राहिली. अलीकडे ती कोणत्याही प्रश्नाला वेळ घ्यायची, पण त्या वाळूवर तो वेळ फार लांब वाटला.

"मला..." ती म्हणाली. घोगरा, जड आवाज. "दवाखान्यात न्या."

गुरुजींचा हात तांब्यावरच थांबला.

"कोणत्या दवाखान्यात... माय?" रामेश्वरनं विचारलं. स्वतःच्या बायकोपुढं हात जोडून.

"जालन्याच्या. बाई डाक्टरच्या." ती पुन्हा थांबली, दम घेतल्यासारखी. "अन गोळी बंद करू नका."

धुळाजी मटकन वाळूत बसला. नुकतंच मुंडण केलेलं त्याचं डोकं दोन्ही हातांत होतं.

"हेच म्हणल्ती," तो म्हणाला. "पोळ्याच्या टायमाला. शेवटची गोळी संपली तवा. म्हणली, मला जालन्याला न्या, गोळी बंद करू नका. शब्दाला शब्द. मी म्हणलो, चांगली धडधाकट हायस की."

संध्याला हे माहीत नव्हतं. इतके दिवस ती समजत होती, की आईला कळलंच नसेल. तिनं नदीकडे तोंड केलं. गोदावरीला त्या दिवसांत पाणी बेतानंच होतं, आणि पाहण्यासारखं काही नसलं तरी ती बराच वेळ पाहत राहिली.

मागं एकच गलका उडाला होता. गाडी बोलवा, जल्दी करा. जिवंत बाईनं मागितलं तेव्हा जे मिळालं नव्हतं, ते मेलेल्या बाईला एका वाक्यात मिळत होतं. सुतक, सुई, अमावस्या, सगळे पूर्वापार नियम केशरबाईनं जागेवर रद्द केले. कावळा शेवटपर्यंत आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळ्यांना मोकळं केलं.

परत येताना संध्या प्रांजलीच्या शेजारी बसली होती. गाडी खडखडत होती, म्हणून कोणाला ऐकू जाणार नव्हतं.

"प्रांजली, ते तू बोललीस?"

प्रांजलीनं डोळे मिटलेलेच ठेवले. "मला इच्यारलं, मी सांगितलं ताई," ती म्हणाली. "आजवर कोणी इच्यारलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या त्या दवाखान्यात एकाच्या जागी सहा माणसं शिरली. मेंढरू एक आजारी पडलं तरी खांड, अख्खा कळप, मागं चालतो.

"पेशंट कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमची भावजय," केशरबाई पुढं झाली. "आसराबाई."

"वय?"

"असंल की पासष्ट."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून खुर्चीतल्या पोरीकडे पाहिलं, मग संध्याकडे. संध्यानं थोडक्यात सांगितलं. बाहेर बाकीचे पेशंट खोळंबले होते तरी डॉक्टरीणबाई क्षणभर पेन खाली ठेवून बसल्या.

"आसराबाई गेल्या?" त्यांनी हळू विचारलं. संध्यानं मान हलवली. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा आवाज घोगरा होता, हिचाही झालाय, म्हणून ही सगळी जत्रा? अहो आजी, थायरॉईड कमी पडलं की आवाजाच्या पडद्यांना सूज येते, जीभ जड होते. दहा बायकांमागे एकीला हा त्रास असू शकतो. तुमच्या गावात हिंडलात तर अशा पन्नास आसराबाया सापडतील."

केशरबाई हादरली. पन्नास भुतांचा हिशेब तिनं धरला नव्हता.

"पण सासूचा सुनेला झाला कसा?" रामेश्वरचा प्रश्न तयारच होता.

"सासूचा सुनेला होत नाही. तिचा तिला झाला. रक्ताच्या नात्यात मात्र शक्यता जास्त असते. लेकीनं आपलं रक्त तपासून घ्यावं." त्यांनी संध्याचंही नाव कागदावर लिहिलं.

प्रांजलीचा रिपोर्ट आला तेव्हा आकडा शंभराच्या पुढं होता. संध्याचा नॉर्मल आला. लॅबवाला म्हणाला, "अभिनंदन मॅडम." आईचं काही असलंच अंगात, तर ते आपल्या वाट्याला आलेलं नाही, एवढं संध्याला कळलं. तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर," डॉक्टरीणबाईंनी प्रांजलीला गोळी दाखवली. "नंतर तासभर चहा, दूध, काही नाही."

"चहा न्हाई?" धुळाजी पहिल्यांदाच बोलला. "मंग माणूस उठन कसं?"

"माणसं उठू द्या. ही गोळी घेईल. रक्तवाढीची लाल गोळी घेतेस ना? ती दुपारी जेवणानंतर. दोन्ही एकत्र घेतल्या तर लाल गोळी हिला अंगात लागूच देत नाही. सहा-आठ आठवड्यांनी परत रक्त तपासू, मग डोस बघू. आणि दिवस गेलेसे वाटले तर त्याच आठवड्यात इथं ये. डोस वाढवावा लागतो."

"घ्यायची किती दिवस?" रामेश्वर.

"रोज."

"व्हय, रोजच. पण किती दिवस?"

"बहुतेक जन्मभर. शरीर जे बनवत नाही तेवढंच ही भरून काढते. पुढं रिपोर्ट नॉर्मल येईल, तो गोळीमुळे आलेला असेल. तेव्हा गोळीला हार घाला हवं तर, निरोप देऊ नका."

सगळे हसले. रामेश्वरही हसला. संध्याला ते हसणं ओळखीचं वाटलं. आईच्या वेळीही सगळे असेच समजुतीनं हसले होते.

डोस एकदा वाढला. उन्हाळा लागला तशी प्रांजली बदलत गेली. आधी डोळ्यांखालची सूज गेली, मग शाल गेली. भाकऱ्या जळेनाशा झाल्या. ती पुन्हा मोबाइलवर गाणी लावून झाडलोट करायला लागली, आणि केशरबाईला तिच्या झपाट्याचा त्रास व्हायला लागला. आवाज सगळ्यांत शेवटी आला. संध्या दर रविवारी फोन करायची. दर खेपेला तो आवाज थोडा पातळ, थोडा वरच्या पट्टीत गेलेला असायचा. ही चांगली गोष्ट होती. घरात एक माणूस दुसऱ्यांदा थोडं थोडं करून जात होतं, आणि त्याबद्दल सगळ्यांना पेढे वाटावेसे वाटत होते.

मे महिन्याच्या सुट्टीत ती गावी गेली, त्याच दिवशी रिपोर्ट आला होता. नॉर्मल. ओटा भरला होता.

"सुटली," केशरबाई सांगत होती. "मी अंगारा उगंच लावू राह्यले होते का रोज? आसरानं दवाखाना मागितला, दवाखाना केला. मन भरलं, गेली निघून. आता आवाज बघा पोरीचा, बिलकुल मंजूळ."

"मंग आता ती गोळी..." रामेश्वरनं सुरुवात केली.

"कोणासाठी द्यायची? जिनं मागितल्ती ती गेली की!"

"तसं बी लई झाल्या," धुळाजी म्हणाला. "पोरगी चांगली कामाला लागलीय. उगं अंगात गर्मी धरायची."

संध्या तोंड उघडणार होती. डॉक्टरांचे शब्द, छापील माहिती, आईची सगळी हकिकत, सगळं तिच्याजवळ नीट रचून तयार होतं. आणि रेडिओ लागल्यावर सगळ्यांचे चेहरे कसे होतात, तेही तिला पाठ होतं.

"मी घेणार हाय गोळी," प्रांजली दारातून म्हणाली.

तिचा खरा आवाज बारीक होता. कोणी वळून पाहिलं नाही. सासू गळ्यात होती तोवर सगळी माणसं हात जोडून ऐकत होती. आता ती नुसती सून होती.

"बरं बरं," केशरबाई म्हणाली. "चहा टाक."

प्रांजली दारातून हलली नाही. तिनं घसा खाकरला. संध्याला क्षणभर वाटलं, आता ती तो आवाज काढणार. काढता येईल तिला, सहा महिने त्यातच बोलली ती. आणि संध्याच्या मनानं, सगळी पुस्तकं वाचलेल्या त्या मनानं, काढ, असं म्हटलंसुद्धा. एकदा काढ.

"आबा," प्रांजली म्हणाली. त्याच बारीक आवाजात, पण आता जरा जोरात. "आत्याबाईची गोळी तुम्ही बंद केली. म्हणून त्या गेल्या. माझी बंद करायची न्हाई."

हे वाक्य जानेवारीपासून त्या घरात होतं. सगळे त्याला वळसा घालून जात होते. संध्यानं त्याला टोमण्यांत गुंडाळून ठेवलं होतं, म्हणजे धरताना हाताला बोचत नाही. पोरीनं ते उघडंच सगळ्यांपुढं ठेवलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता.

"बापाला असं बोलती?" केशरबाई फुटली. "सासऱ्याला?"

"अक्का, गप," धुळाजी म्हणाला.

तो उठला आणि शेळ्यांकडे गेला. रात्री जेवताना रामेश्वर दोनदा बायकोकडे बघून पुन्हा ताटात बघत राहिला. काय ठरलं ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

सकाळी संध्या बाहेर आली तेव्हा धुळाजी ओट्यावर एकटाच बसला होता. समोर कप नव्हता. उजाडल्याबरोबर चहा लागणारा माणूस होता तो.

"चहा न्हाई घेतला आबा?"

"तिनं गोळी घेतलीया. तासभर न्हाई म्हणली."

"तिला नाही. तुम्हाला चालतो."

धुळाजीनं खांदे उडवले. "एकदाच टाकंल सगळ्यांचा. पुढ्यात कप दिसला की पोरीला बी मोह होतोय."

संध्या त्याच्या शेजारी बसली. मोसंबीच्या बागेत मोटार सुरू झाली होती. बापाशी भांडायचं तिच्याकडे पुष्कळ शिल्लक होतं, आणि ते कुठं जाणार नव्हतं.

"आबा, मायचा आवाज आधी कसा होता हो?" तिनं विचारलं. "आजाराच्या आधी. मला तो घोगराच आठवतो आता."

धुळाजीनं बागेकडे पाहिलं. "बारीक," तो म्हणाला. "लग्न झालं तवा लई बारीक. मला वाटलं, ही मेंढरं काय हाकणार. पर दूर जायचा. वाऱ्यावर जायचा." त्यानं ओठांचा चंबू केला, हाक मारायला घेतल्यासारखा. पण आवाज काढला नाही. तोंड पुसलं आणि मान फिरवली.

मग आत बघून म्हणाला, "प्रांजली, झाला का तास?"

"न्हाई आबा," आतून उत्तर आलं. "अजून येळ हाय."